गाडी ॲव्हरेज देत नाही? आधी मोजा, मग हवा, मग पाय, गॅरेज शेवटी

ॲव्हरेज पडलं म्हटलं की बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी गॅरेज. तिथे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) क्लिनिंग आणि डिकार्बचं, म्हणजे इंजिनातली काजळी काढायचं, पॅकेज. मग टाकीत कुठलंतरी औषध, मग महागडं पेट्रोल. पाच-सहा हजार गेल्यावरही गाडी पूर्वीइतकंच पिते, कारण मुळात किती पीत होती हे कोणी नीट मोजलेलं नसतं आणि पिण्याचं कारण बहुतेक वेळा बॉनेटखाली नसतं.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळलात तर पुढचा आकडा काय सांगतोय ते कळणार नाही. उदाहरणासाठी १००० ते १२०० सीसीची मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक धरली आहे: आठवडाभर शहरात, महिन्यातून एखाद्या वेळी गावी. डिझेल, सीएनजी आणि ऑटोमॅटिकमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी

तीन गोष्टी जवळ ठेवा. हवा मोजायचा स्वतःचा गेज (साधा चालतो, पण कायम तोच वापरायचा), नोंदीसाठी वही किंवा फोन, आणि गाडीसोबत आलेलं मॅन्युअल. डिकीत, ग्लोव्ह बॉक्समधल्या कागदांखाली किंवा घरी कपाटात ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडलेलं असतं. इंजिन ऑइलचा ग्रेड आणि टायरची हवा हे दोन आकडे त्यातूनच घ्यायचे, कोणाच्या तोंडून नाही.

टप्पा १: खरा आकडा काढा

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडला यावरून काढतो. तो अंदाज आहे आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तो थोडा गोड असतो. आज आणि उद्याची तुलना करायला ठीक, हिशोबाला नाही.

हिशोब टाकी फुल ते टाकी फुल असाच होतो:

१. एक पंप ठरवा, शक्य तर त्यातलं एकच मशीन. नोझल पहिल्यांदा टक करून आपोआप थांबली की भरणं बंद. ट्रिप मीटर शून्य करा.

२. निदान अर्धी टाकी संपेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मोजतोय म्हणून जपून चालवू नका.

३. त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरा. ट्रिप मीटरवरचे किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि २७.४ लिटर बसलं, तर १५.०.

४. असं सलग तीन टाक्यांना करा आणि तिन्हीचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर काढा.

तीन टाक्या कशाला? नोझल दर वेळी अगदी त्याच पातळीला थांबत नाही. गाडी जराशी तिरकी उभी असली तरी अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतं. २७ लिटरमध्ये एक लिटर म्हणजे साडेतीन टक्क्यांहून जास्त, आणि आपण ज्या सुधारणा शोधतोय त्यातल्या कित्येक तेवढ्याच आकाराच्या आहेत. एका टाकीवरून 'नवीन ऑइलने दोनने वाढलं' म्हणणाऱ्यांचं बरंचसं ऑइल या चुकीतच असतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक: टक झाल्यावर 'दादा, राउंड फिगर करा'. हजाराचा आकडा जुळवायला घातलेलं ते पाव-अर्धा लिटर सगळा हिशोब बिघडवतं. शिवाय काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जाऊन कॅनिस्टर खराब होऊ शकतो.

पंपाच्या मापावरच शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकासमोर मोजून दाखवावं लागतं. भांडण न करता मागितलं तर काम लवकर होतं.

*तपासा:* कंपनीच्या टायरपेक्षा मोठ्या मापाचे टायर किंवा अलॉय बसवलेत का? मग चाकाचा घेर वाढतो, ओडोमीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. रुंद टायरने ते खरोखरच कमीही होतं. एकदा फोनच्या मॅपवर लांबचं अंतर जुळवून बघा.

आता अपेक्षेबद्दल. जाहिरातीतला आकडा रोलरवर, ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्यात खड्डे नाहीत, घाट नाही, मागे बसलेली चार माणसं नाहीत. तो एका मॉडेलची दुसऱ्याशी तुलना करायला आहे. त्याच्याशी आपल्या सिंहगड रोडच्या ट्रॅफिकची तुलना करून मनस्ताप करून घेऊ नका.

आणि पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते. त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर एका लिटरमधली ऊर्जा निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्क्यांनी कमी होते. जुन्या गाडीचं चार-पाच वर्षांपूर्वीचं ॲव्हरेज आठवत असाल तर घटीतला काही भाग इथला आहे. तो मेकॅनिककडून भरून निघणार नाही.

सीएनजीवाल्यांसाठी फुल टाकीची पद्धत डळमळीत आहे. पंपाचा दाब आणि सिलेंडरचं तापमान यांवर किती किलो बसेल ते ठरतं. तुम्ही आठ-दहा भरण्यांचे एकूण किलो आणि एकूण किलोमीटर घ्या.

टप्पा २: गाडी मोकळी धावते का ते बघा

इथे पैसे लागत नाहीत आणि इंजिनाला हातही लावायचा नाही. चाकं अडत असतील तर पुढे पाय कितीही हलका ठेवला तरी मोजमाप खोटं येईल, म्हणून हा टप्पा ड्रायव्हिंगच्या आधी.

१. हवा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. बहुतेकदा दोन रकाने असतात: कमी माणसं आणि पूर्ण भार. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

२. हवा थंड टायरची मोजायची. गाडी तीन तास उभी असेल किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा कमी चालली असेल तेव्हाच. सकाळी घरी स्वतःच्या गेजने मोजा, किती कमी आहे ते लिहून घ्या, मग जवळच्या पंपावर तेवढीच वाढवा.

*सावधान:* लांबून आल्यावर तापलेला टायर तीन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दाखवतो. ती 'जास्तीची' हवा सोडलीत तर सकाळी टायर कमी हवेचा झालेला असेल. आणि ॲव्हरेजसाठी स्टिकरच्या वर पाच-सहा पीएसआय ठोसून भरू नका. ओल्या रस्त्यावर पकड जाते, मधली नक्षी आधी झिजते.

खरं सांगायचं तर हवेचा हिस्सा लोक समजतात तेवढा मोठा नाही. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय कमी असेल तर फरक ०.२ टक्क्याच्या आसपास. दहा कमी असतील तर दोन टक्के. पण तेवढ्याने टायरच्या कडा झिजतात, आणि उन्हाळ्यात समृद्धीसारख्या काँक्रीटच्या लांब रस्त्यावर कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. तेव्हा दर पंधरा दिवसांनी बघाच. नायट्रोजनसाठी पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

३. ब्रेक चिकटतोय का? ही गोष्ट फारच थोडे जण तपासतात. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक कमीत कमी वापरून दहा मिनिटं चालवा, थांबा आणि प्रत्येक रिमच्या जवळ तळहात न्या. हात लावू नका, डिस्क भाजण्याइतकी तापलेली असू शकते. पुढच्या दोन चाकांत एक स्पष्टपणे जास्त गरम असेल तर बहुधा कॅलिपरची (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिन अडकली आहे. मागचं गरम असेल तर ड्रम किंवा हँडब्रेकची केबल. पावसाळ्यानंतर, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत बाराही महिने, हे होतं. पिना साफ करून ग्रीस लावणं हे छोटं काम आहे.

पावसात भिजलेली गाडी रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवली की लायनिंग ड्रमला धरतं. सपाट जागेवर पहिला गियर टाकून चाकाला दगड लावा. उतारावर मात्र हँडब्रेकच.

४. अलाइनमेंट. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, गाडी एका बाजूला ओढते किंवा टायरची आतली कड गुळगुळीत झालीय, यातलं काहीही असेल तर करून घ्या. बॅलन्सिंग वेगळं. ते स्टिअरिंगची थरथर घालवतं, पेट्रोल वाचवत नाही.

५. ओझं. छतावरचं कॅरियर काढा, रिकामं असलं तरी वारा अडवतं. डिकीतलं लग्नाच्या वेळचं सामान बाहेर. स्टेपनी आणि जॅक काढू नका!

टप्पा ३: पाय

खरी बचत इथे आहे. आधीच्या टप्प्यांत दोन-चार टक्के मिळतात. शहरात दर सिग्नलला दणकून उचलणारा आणि दणकून दाबणारा ड्रायव्हर सवय बदलून यापेक्षा कितीतरी जास्त मिळवतो.

१. स्टार्ट करून रेस देऊ नका. ती कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. बेल्ट लावा, आरसे बघा, निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने, कारण थंड इंजिन तेव्हा सगळ्यात जास्त पितं. म्हणूनच दूध, औषध आणि क्लास अशा तीन सुट्या फेऱ्यांपेक्षा एक सलग फेरी स्वस्त पडते. एक किलोमीटरवरच्या दुकानात गाडी नेणाऱ्याला कुठलीच युक्ती वाचवणार नाही.

२. गियर वेळेवर. पेट्रोलला साधारण २००० ते २५०० आरपीएमला वरचा गियर, डिझेलला १५०० ते २००० ला. उलटी चूकही तितकीच होते: चौथ्यात पंचवीसच्या वेगाने गाडी गुरगुरत, हिसके खात नेणं. इंजिन कण्हत असेल तर खालचा गियर टाका, त्यात पेट्रोल वाया जात नाही.

३. पाय लवकर काढा, पण गियर काढू नका. हा मुद्दा नीट वाचा. 'न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं' हा समज इंजेक्शनच्या गाड्यांत चुकीचा आहे. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत किंवा क्लच दाबलात की इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल प्यावं लागतं.

त्यामुळे पुढे लाल सिग्नल, स्पीडब्रेकर, टोलची रांग दिसली की पाय वर, गियर तसाच. वेग बऱ्यापैकी उतरला, इंजिन हिसके द्यायच्या बेतात आलं की मगच क्लच. हे जमण्यासाठी पुढच्या गाडीपासून अंतर लागतं. चिकटून चालवणाऱ्याला प्रत्येक वेळी ब्रेकच दाबावा लागतो, आणि ब्रेक दाबणं म्हणजे नुकतंच जाळलेलं पेट्रोल उष्णता करून फेकणं.

*तपासा:* डॅशबोर्डवर तात्कालिक ॲव्हरेज लावा. उतारावर गियरमध्ये पाय सोडा, पट्टी एकदम टोकाला जाते. हीच गोष्ट ऑटोमॅटिकमध्येही दिसते, डी तसंच राहू द्या.

*सावधान, घाटात:* खंबाटकी, वरंध, आंबोली, कुठलाही घाट असो, उतरताना न्यूट्रल किंवा इंजिन बंद अजिबात नको. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून सैल पडतात. इंजिन बंद केलंत तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. चढताना ज्या गियरमध्ये वर जाता, उतरायलाही साधारण तोच. यात सुरक्षितता आहे आणि पेट्रोलही शून्य.

४. सिग्नलला आकडे दिसत असतील आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त बाकी असेल तर इंजिन बंद. छोटं पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्ध्या लिटरच्या वर पितं, एसीने आणखी. रेल्वे फाटकाला किंवा शाळेच्या गेटबाहेर तर बंद हवंच. मात्र गाडी पूर्ण थांबल्यावर, आणि बॅटरी जुनी असेल तर जपून. ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेल्यांनी ते बटण दाबून बंद करायची सवय सोडावी.

५. एसी. उन्हात तापलेल्या गाडीत आधी काचा उघडून एक-दोन मिनिटं चालवा, गरम हवा जाऊ द्या, मग काचा बंद, आतली हवा फिरवणारं बटण चालू. शहरातल्या कमी वेगात काचा उघड्या ठेवणं स्वस्त. हायवेवर ऐंशीच्या आसपास आणि वर काचा बंद करून एसीच बरा, कारण उघड्या काचांनी वारा अडतो.

६. हायवेचा वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. वेळ किती वाचतो? साठ किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्याला १०० ने ३६ मिनिटं, ८० ने ४५. नऊ मिनिटं, जी पुढे फूड मॉलच्या पार्किंगमध्ये जातात. ८० ते ९० चा स्थिर वेग, डावीकडच्या योग्य लेनमध्ये. हवा चुकवायला ट्रकच्या मागे चिकटणाऱ्यांबद्दल काही बोलायलाच नको.

क्लचवर पाय टेकवून चालवत असाल तर त्याने क्लचप्लेट आणि पेट्रोल दोन्ही जातात. चढावर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा.

हे सगळं करून पुन्हा तीन टाक्या मोजा. अजून गॅरेजचं नाव काढायचं नाही.

टप्पा ४: देखभाल

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच. कंपनीने ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात 'आपल्याकडे गरम होतं' म्हणून जाड २०डब्ल्यू-५० घालणारे आजही भेटतात. जाड ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद खर्च होते, थंड स्टार्टला ते उशिरा पोचतं. ऑइलचा डबा समोर उघडून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

एअर फिल्टर घाण झाला की ॲव्हरेज कोसळतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आजच्या इंजेक्शन गाड्यांत तसं होत नाही. आत कमी हवा आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. गाडीची ताकद मात्र कमी होते. फिल्टर वेळेवर बदला, पण त्याच्याकडून दोन किलोमीटर वाढायची आशा ठेवू नका. प्लग ठरलेल्या किलोमीटरला. सीएनजीवर ते जास्त लवकर झिजतात.

बीएस६ डिझेलमध्ये धुराचा फिल्टर साचलेली काजळी अधूनमधून स्वतः जाळतो, त्या वेळी जास्तीचं डिझेल लागतं. रोज चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया अर्धवट तुटते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग न्या. तेवढंही चालवणं होत नसेल तर डिझेल गाडी तुमच्यासाठी नव्हतीच.

टप्पा ५: आता गॅरेज, पण पुरावा घेऊन

टायर, ब्रेक, पाय सगळं ठीक, तरी तीन टाक्यांचं ॲव्हरेज मागच्या नोंदीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बिघाड शोधायला हवा. तुलना त्याच ऋतूची करा. जूनमधलं साचलेलं पाणी आणि तुंबलेलं ट्रॅफिक फेब्रुवारीशी जुळणार नाही.

जाण्यापूर्वी स्वतः तीन गोष्टी बघा:

- चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय का? ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटर अंदाजाने जास्त पेट्रोल सोडत राहतो. दिवा 'रिसेट करून देतो' म्हणणाऱ्याला आधी कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून सांगायला लावा.
- इंजिन वेळेवर गरम होतं का? वीस मिनिटं चालूनही काटा खालीच किंवा थंडपणाचा निळा दिवा रेंगाळतोय, तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. इंजिनाला वाटतं आपण थंडच आहोत, आणि ते तसं पितं.
- पीयूसीची चिठ्ठी. बहुतेक जण ती न वाचता फोल्डरमध्ये टाकतात. बीएस४ आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. तुमचा आकडा एरवी शून्याजवळ असायचा आणि आता मर्यादेला टेकला असेल, तर पेट्रोल पूर्ण जळत नाहीये. मात्र तपासणी खरोखर नळी लावून झालेली हवी.

*सावधान:* टाकीत टाकायची औषधं, पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं, दर सर्व्हिसला सुचवलं जाणारं डिकार्ब, यांना स्पष्ट नाही म्हणा. ९१ ऑक्टेनवर चालायला बनवलेल्या इंजिनात ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल घालून ॲव्हरेज वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता, जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे. पहाटे थंड पेट्रोल दाट मिळतं हाही गैरसमज, पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

सर्व्हिस ॲडव्हायजरला 'ॲव्हरेज पडलंय' एवढंच सांगितलंत की जनरल चेकअप होतो आणि पॅकेज लागतं. त्याऐवजी जॉब कार्डवर लिहून घ्या: मागच्या तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर, कुठलं चाक गरम होतं, काटा किती मिनिटांनी वर येतो, पीयूसीचा आकडा. आणि खाली: कोड वाचून दाखवल्याशिवाय आणि फोन केल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नये.